शिल्लक दहा मिनिटे

प्रति,
मा. अधीक्षक, मालवाहतूक,
विभागीय रेल्वे कार्यालय,
सान्ता फे प्रांत.

विषय : कै. इर्मा बासाल्दुआ यांच्यासाठी मंजूर झालेली, परंतु न वापरलेली दहा मिनिटे शेजारणीच्या नावे वर्ग करून मिळणेबाबत.

संदर्भ : १) माझा दि. २५ एप्रिलचा दूरध्वनी. २) आपले परवानगीपत्र, दि. ४ मे रोजी मिळाले.

महोदय,

१. मी, हर्मिनियो बासाल्दुआ, वय ७६, राहणार लास गार्सास, याच शाखेवर एकतीस वर्षे मालगाडीचा गार्ड होतो. एवढ्या नोकरीत एकदाही नियम मोडला नाही. ही फुशारकी नव्हे. आज त्याचीच लाज वाटते.

२. आमच्या स्थानकाची साइडिंग, मुख्य रुळाशेजारची माल भरायची लाइन, १९०९ साली गव्हासाठी बांधली, ती वीस वाघिणींच्या, म्हणजे मालडब्यांच्या, मापाने. आज सोयाबीन भरायला येणारी गाडी अठ्ठेचाळीस वाघिणींची असते. साइडिंग तेवढीच आहे. सबब मागच्या वाघिणी फाटकावर उभ्या राहतात आणि भरणी संपेपर्यंत, म्हणजे पाच-सहा तास, गावाचे दोन तुकडे होतात. रुग्णालय पलीकडे आहे. दुसरा रस्ता मातीचा; पावसानंतर तिथे घोडासुद्धा रुततो.

३. आमच्या वेळी यावर सोपा इलाज होता. गार्ड फाटकाशी जाऊन मागच्या वाघिणींचे हातब्रेक आवळी, हवेच्या नळ्या बंद करून जोड सोडी, इंजिन पुढचा भाग तीस पावले ओढून घेई आणि रस्ता मोकळा होई. याला आम्ही गाडी तोडणे म्हणत असू. दहा मिनिटांचे काम. मी लग्नाच्या वऱ्हाडासाठी तोडली, बिशपसाहेबांच्या मोटारीसाठी तोडली, एकदा सर्कशीच्या हत्तीसाठीही तोडली. पुढे गार्डाचे पद रद्द झाले आणि नियंत्रण कक्षाच्या लेखी परवानगीशिवाय गाडी तोडू नये, असा नियम आला.

४. दि. २५ एप्रिल रोजी सकाळी दहा वाजता माझी पत्नी इर्मा हिच्या छातीत कळ आली. शेजारी सोसा यांच्या मोटारीतून निघालो, तर फाटकावर आपली गाडी. इंजिनचालक रुबेन चियाप्पेरो माझ्याच हाताखाली तयार झालेला. तो पळत आला नि म्हणाला, "काका, तुम्ही जोड सोडा, मी ओढतो. कुणाच्या बापाला कळणार नाही!" मी म्हणालो, "आधी विचारू दे." दूरध्वनी केला. कक्षातील गृहस्थ सौजन्याने म्हणाले की लेखी कळवू, थांबा.

मी थांबलो. महोदय, या अर्जात मला कोणाचीही चूक नमूद करायची नाही, माझ्याखेरीज. जोड चार पावलांवर होता. इर्मा मागच्या सीटवरून म्हणाली, "अरे, हत्तीसाठी तोडलीस की रे! मी काय त्याच्याहून जड झाले?" ती थट्टाच करत होती, पन्नास वर्षे तिने माझी अशीच केली. मी म्हणालो, "येईल गं, येईलच फोन." पाऊण तासाने ती गेली. गाडी त्यानंतर साडेतीन तास उभी होती. तिला घरी न्यायला मात्र फाटक ओलांडावे लागले नाही.

५. आपले परवानगीपत्र नवव्या दिवशी पोहोचले. 'इर्मा बासाल्दुआ यांना रुग्णालयात नेण्यासाठी, एक वेळ, दहा मिनिटांकरिता.' शिक्का स्वच्छ उमटला आहे. ते वाचून मी स्वयंपाकघरात लहान पोरासारखा रडलो. असे अर्जात लिहायची पद्धत नाही, हे मला माहीत आहे.

६. सदर दहा मिनिटे वापरात आलेली नाहीत. वर उल्लेखिलेल्या सोसा यांची सून याकेलिना हिचे जूनमध्ये बाळंतपण आहे. तेव्हा मक्याच्या गाड्या चालू असतील. आपल्या पत्रात तारखेची अट नाही. तरी ही दहा मिनिटे तिच्या नावे वर्ग करून तसे नवे पत्र द्यावे, ही विनंती.

७. हे नियमात बसत नसल्यास तसे कळवण्याची तसदी घेऊ नये. त्या दिवशी फाटकावर गाडी असली, तर ती मी तोडणार आहे. रुबेनला दोष लावू नये. जोड सोडणारा हात माझा असेल. हा अर्ज माझा कबुलीजबाब म्हणून जपून ठेवावा. या खेपेस मी दूरध्वनी करणार नाही.

आजवर आपल्या आज्ञेत राहिलेला,
हर्मिनियो बासाल्दुआ
(माजी गार्ड)
लास गार्सास, दि. ११ मे २०१७

सोबत : परवानगीपत्राची नक्कल. मूळ पत्र देता येत नाही. त्यावर तिचे नाव आहे.