खाडीचा चिखल धुतल्यावर

मांजलपूर, बडोदे
१२ नोव्हेंबर १९९७

ती. दादास मोहनाचा नमस्कार.

मी मजेत आहे. घरमालकीणबा रोज गरम रोटला वाढतात. आईचा गुडघा कसा आहे?

तू पाठवलेला आपल्या खाडीचा चिखल परवा प्रयोगशाळेत चाळणीवर धुतला. दहा डब्यांत मिळून नुसते गांडुळासारखे बारीक किडे निघाले, तेही एकाच जातीचे. शिंपली नाही, गोगलगाय नाही, कुर्लीचं पिल्लू नाही. आमच्या मॅडम शालिनीबेन म्हणाल्या, "मोहना, झाडं सुकायला वर्षं लागतात. तळातले जीव आधी जातात."

मे महिन्यात वहिनीने मला विचारलं होतं, "खाडीतल्या कुर्ल्या कुठे गेल्या गं?" मी हसले. तिवराची हिरवीगार झाडं बघून गावाला सांगितलं, की कांदळवन ठणठणीत आहे. माझ्या शब्दावर तुम्ही खाडीत सांडपाणी सोडणाऱ्या कारखान्याविरुद्धचा अर्ज मागे घेतलात. दादा, फार चुकले रे.

अर्ज पुन्हा लिहा, मी माझा अहवाल जोडते. पण माझ्या चुकीबद्दल गावात तू काही बोलू नकोस. पुढच्या शनिवारी मी येतेय. आधी वहिनीची माफी मागेन, मग सगळ्यांसमोर मीच सांगेन.

आईला एवढंच सांग, की मला सुट्टी मिळाली.

तुझी,
मोहना