मांडीवरचा काटा

जिंतूर, भाद्रपद वद्य पंचमी

आज हैद्राबादचे शेतीखात्याचे साहेब शाळेत आले. उलटी छत्री धरून, कपाशी झाडून झाडून मी दोन पावसाळे करडे सोंडकिडे जमवलेत. माझ्या मते त्यांच्या दोन जाती. साहेबांनी डबीत पाहिलं न पाहिलं, म्हणाले, "मास्टर, सब एक ही हैं. रंग घिस गया."

मी भिंग त्यांच्या हातात दिलं. म्हणालो, मांडी पाहा. याच्या मांडीवर काटा आहे, त्याच्या नाही. साहेब बराच वेळ वाकून राहिले. मग स्वतःच दुसरी डबी मागितली.

काटा कोणी शोधला, ते साहेबांना डबीवरच्या चिठ्ठीवर लिहायचं होतं.

"घरच्यांनी," मी म्हणालो.

"नाम, मास्टर."

चारचौघांत बायकोचं नाव कोण घेतं? मी घेतलं. यमुना. उगाच घेतलं का? नाही. ज्वारी निवडणारी नजर तिची. तो काटा मला भिंगातूनही आधी दिसला नव्हता.

घरी सांगितलं तर भडकली. "मान्सात नाव घेतलं माजं? लय झालं तुमचं." सूप आपटत राहिली. मग उठून दार आतून लोटलं.

"कसं घेतलंत? परत घ्या की एकदा."