बाई, तुम्ही होडीतून उतरायचात

बाई, तुम्हाला आमची शाळा सोडून आता बरीच वर्षं झाली, पण काल जेटीवर तुमची आठवण आली आणि लिहायला बसलो. मध्येच उठलो, चहा टाकला, तो उतू गेला, पुसला, परत बसलो. "बुडाखाली मुंग्या आहेत का रे तुझ्या?" असं तुम्ही वर्गात विचारायचात. त्या मुंग्या अजून आहेत. कुडाळला कारखान्यात लागलो, सोडलं. आंबोलीत गाडीवर भजी तळली, तेही सोडलं, भजी मात्र अजून चांगली जमतात. आता गावातच असतो. पर्यटकांच्या बोटी तपासणाऱ्या मंडळींबरोबर बिनपगारी फिरतो. लाइफ जॅकेटचे पट्टे धड आहेत का, माणसं जास्त नाहीत ना, ते बघायचं. शाळांत जाऊन मुलांना जॅकेट घालून दाखवायचं. अधिकार काही नाही. सांगायचं, ऐकलं तर ऐकलं.

तुम्ही घाटावरच्या, पाण्याला भिणाऱ्या, आणि बदली झाली ती खाडीपलीकडच्या आमच्या शाळेत. रोज होडीत आमच्याबरोबर, मांडीवर डबा, एका हाताने कड घट्ट धरलेली. एकदा बाजाराच्या दिवशी होडीवाला माणसं घेतोय, घेतोय, पाणी कडेला लागायला आलंय, आणि तुम्ही उभ्या राहता. "मला भीती वाटते. मी पुढच्या खेपेला येते." तो म्हणतो, "बाईनू, बसा. काय होवचा नाय." तुम्ही चपला हातात घेऊन उतरता आणि आम्ही पोरं खिदळतो. उशीर झाला म्हणून मुख्याध्यापक सगळ्यांदेखत बोलले तुम्हाला. पुढच्या बाजाराला होडी तशीच भरली, तुम्ही परत उतरलात.

खाडीवर पूल झाला, तसे ते होडीवाले काका पर्यटकांना किल्ल्याकडे न्यायला लागले. काल त्यांचीच बोट तपासायला चढलो, तर माणसं जास्त, वर वारा सुटलेला. म्हटलं, "काका, थोडी उतरवा."

"वाईच जास्त आसत. तुका तरी पोवाक येता काय, तो माका शिकवतंस?"

बोटीत हशा. काकांनी इंजिन सुरू केलं. मी जेटीवर उतरलो.

"खंय चललंस?"

"पुढच्या खेपेक येतंय."

बोटीतल्या एक आजी मुलाला म्हणाल्या, "अरे, तपासणाराच का उतरला?" आणि त्या उतरल्या. मागून मुलगा, सून, नातवंडं. मग आणखी एक जोडपं. बोट डोळ्यांना दिसेल इतकी वर आली. काका माझ्याकडे बघत राहिले. "तुझी बाई पण अशीच," ते म्हणाले. "माझो धंदो बुडवक बसलेली." आणि हसले. दुपारी परत गेलो तर माणसं मोजून बसवत होते, तेही मोठ्याने, मला ऐकू जाईल असं.

हे पत्र टाकणार कुठे? घाटावरचं तुमचं गाव कोणतं, तेसुद्धा कधी विचारलं नाही. आमच्या तपासणीतली पोरं म्हणतात, काय डोकं चालवलंस. डोकं कसलं, बाई. मला पोहता येत नाही, आणि मी घाबरलो होतो. भीती वाटते, हे तुम्ही सगळ्यांसमोर म्हणायचात. मी अजून पुढच्या खेपेचंच सांगतो.