मैद्याशिवाय कांद्याच्या रिंगा

प्रिय पोरी,

फोनवर सांगता आलं असतं ते कागदावर का लिहितेय, असं तुला वाटेल. फोनवर मी गप्प बसते, आणि मी गप्प बसले की तू "बरं, ठेवू का मग" म्हणतेस. फोनसारखा कागद मध्येच ठेवता येत नाही, म्हणून कागद.

आधी इकडची बातमी. बाबांच्या रक्ताची तपासणी झाली. कोलेस्टेरॉल वाढलंय. डॉक्टरीणबाईंनी तळलेलं बंद आणि मैदा कमी करायला सांगितलं. बाबा त्यांना म्हणाले, "मग जगायचं कशासाठी, तेही त्याच कागदावर लिहून द्या." बाई हसल्या आणि त्यांनी रोज चालायलाही लावलं. घरी येईपर्यंत ते कुरकुरत होते. मी म्हटलं, बघू या, कांद्याच्या रिंगा मैद्याशिवाय होतात का. आपला लंब्या करायचा त्याच, फक्त मैदा नाही, ब्रेडचा चुरा नाही, कढईभर तेल नाही. त्याचा वाढदिवस जवळ आलाय. त्याला जाऊन आता चौथं वर्ष लागलं. तरी सुनेचं नातं न सोडता दर वाढदिवसाला तू येतेस, आपण तिघं त्याच्या पद्धतीने रिंगा तळतो, टीव्ही लावून खातो आणि फारसं बोलत नाही. मला तो दिवस आवडतो असं म्हणणं बरं दिसत नाही, पण त्या दिवसाची मी वाट बघते.

तर मी करायला घेतलं, आणि सुटेना. हल्ली मला बसवतच नाही. पेपर उघडते, दोन ओळी वाचते आणि उठून कांदा चिरते. पहिल्यांदा बदामाचं पीठ आणि अंडं घेतलं. तेलात टाकल्याबरोबर आवरण एकीकडे आणि कांदा दुसरीकडे. मग नारळाचं पीठ आणलं. त्याने सगळं अंडं पिऊन टाकलं आणि रिंगा गोड लागायला लागल्या. बाबा म्हणाले, "वाढदिवस आहेच, तर सरळ कांद्याचा केकच कर की." वरच्या मजल्यावरच्या शिक्षिका विचारून गेल्या, कुणी राहायला आलंय का, रोज कांद्याचा वास येतो. बाबांनी दारातूनच सांगितलं, "आलं कुणी नाही. बायकोने रिटायर झाल्यावर पुन्हा लॅब उघडलीय."

लॅबची सवय मोडत नाही हे खरं. कापड रंगवायच्या कारखान्यात सगळी नोकरी पावडरी मोजण्यात गेली. रंग कापडावर बसला नाही तर रंगाला दोष देण्याआधी कापड बघायचं, हे आमच्या साहेबांचं वाक्य होतं. म्हणून एका दुपारी मी पीठ बाजूला ठेवलं आणि कांदाच नीट बघितला. प्रत्येक चकतीच्या आतल्या बाजूला एक पातळ, ओलसर पापुद्रा असतो. त्यावर काहीच चिकटत नाही. तो नखाने काढायचा, चकत्या फडक्यावर कोरड्या करायच्या, आधी बटाट्याच्या स्टार्चमध्ये घोळवायच्या, मग अंड्यात, मग बदामाच्या पिठात, आणि थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवायच्या. कढईत दोन-तीन चमचेच तेल. आवरण धरलं. कुरकुरीत झाल्या. बाबांनी पहिली रिंग खाल्ली, दुसरी खाल्ली आणि तिसरी हातात धरून म्हणाले, "एवढा खटाटोप करण्यापेक्षा डाळीचं पीठ घ्यायचं होतंस. सोपं पडलं असतं."

मी म्हटलं, "डाळही चालत नाही."

"मला डाळ चालते," बाबा म्हणाले.

मी ओटा पुसायला लागले. ते चावत राहिले. मग म्हणाले, "माझ्या तब्येतीची तुला एवढी काळजी अख्ख्या संसारात कधी नव्हती. कवळीवाल्यासाठी चाललंय ना हे?"

त्यांच्या बोलण्याचा राग मानू नकोस. नाव माहीत असून ते कवळीवालाच म्हणतात. मी 'ते' म्हणते. अजून बघितलं नाही त्या माणसाला अरे-तुरे कसं करायचं?

तू सांगायला आलीस तो दिवस माझ्या डोक्यातून जात नाही. तू कोटही काढला नव्हतास. पर्स खांद्यालाच होती. उभ्या उभ्या म्हणालीस, "आई, एक जण आहे. दातांच्या कवळ्या बनवतो." मग तुला पुढे काय बोलावं कळेना, म्हणून तू त्यांच्या पोटाबद्दलच सांगत सुटलीस. गहू तर नाहीच, पण तांदूळ, मका, डाळी, कुठलंच धान्य सोसत नाही, आणि गव्हाचा कण जरी पोटात गेला तरी आठवडाभर अंथरुणात. मी विचारलं, "मग ते खातात तरी काय?" तू माझ्याकडे बघितलंस, खिडकीकडे बघितलंस आणि थोड्या वेळाने काम आहे म्हणून निघून गेलीस. तू जिना उतरलीस तसे बाबा म्हणाले, "असं विचारतात का कुणी? पोरीला टोमणा वाटला तो." मला टोमणा मारायचा नव्हता. मला एकदम एवढंच सुचलं, आणि ते मला खरंच जाणून घ्यायचं होतं. तेव्हापासून तू फोन करतेस, हवा कशी आहे ते सांगतेस, बाबांची गोळी विचारतेस. पण हल्ली तू मला कशानेच हाक मारत नाहीस. आई नाही, काही नाही. सरळ "हॅलो, जेवलात का" असं सुरू होतं. माझ्या लक्षात आलंय.

तर रिंगा जमल्या, बाबांना कळलं, आणि आता प्रश्न मिटला असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी लाकडी पाट धुऊन उन्हात ठेवायला घेतला. लंब्याचा तो जाड पाट, ज्यावर तो कांदे चिरायचा आणि पीठही पसरायचा. त्याला मधोमध एक भेग आहे. उन्हात धरल्यावर भेगेत काहीतरी दिसलं. मी टाचणीने उकरलं. पीठ होतं. दगडासारखं घट्ट, करडं झालेलं. एवढी वर्षं पाट धुतोय आपण, पण ते तिथेच बसून होतं. तो गेल्यावरही आपण त्याच पाटावर मैदा घेतलाय, तेव्हा ते तुझ्या हातचं असेल, माझ्या हातचं असेल. पण मला वाटलं ते त्याच्या हातचं आहे, आणि मी टाचणी धरून तिथेच उभी राहिले.

मग मला कढई आठवली. बिडाची कढई त्याने आपल्या पहिल्या पगारातून आणलेली, आणि साबण लावू द्यायचा नाही. तळून तळून तिला आतून काळा, गुळगुळीत थर चढलाय. कारखान्यात आमच्याकडे पांढऱ्या कापडाची टाकी वेगळी असायची. काळा रंग झालेल्या टाकीत, ती कितीही धुतली तरी, पांढरं घालायचं नाही. हे मी नव्या मुलींना शिकवायचे. आणि स्वतःच्या घरात मी त्याच कढईत त्या रिंगा केल्या होत्या, ज्या पाहुण्यांना बिनधास्त खा म्हणून देणार होते. तो मैदा त्या थरात मुरलेला आहे. घासून काढायचा तर थर जाणार, आणि थर गेला की ती नुसती कढई.

मी बाबांना सांगितलं. ते चिडले. "कोण कुठला माणूस, त्याच्यासाठी माझ्या पोराची कढई खरवडायची?" मला त्यांचं म्हणणं चूक वाटत नव्हतं. दोन-तीन दिवस आम्ही जेवणापुरतंच बोललो. मी घरभर फिरत राहिले. कपाटं आवरली, नको तेही धुतलं, एकदा तुझ्याकडे यायला म्हणून बस स्टॉपपर्यंत गेले आणि परत आले. आल्यावर बघते तर कढई ओट्याखाली नव्हती. बाबांनी ती आणि पाट जुन्या चादरीत गुंडाळून लंब्याच्या खोलीतल्या कपाटात, त्याच्या हत्यारांच्या पेटीजवळ ठेवले होते. म्हणाले, "घासायची नाही. पण स्वयंपाकघरातही नको. त्या माणसाला काही झालं तर पोर पुन्हा या घराची पायरी चढणार नाही." मग स्वतः खाली बसून त्यांनी ड्रॉवरचे कोपरे ब्रशने झाडले. जुने कागद काढले, नवे घातले. पिठाचे डबे बाहेर गॅलरीत गेले.

मला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. नवा ट्रे, नवी जाळी, चिरायला काचेचा पाट. रिंगांना ब्रशने तेल लावून ओव्हनमध्ये जाळीवर ठेवते, आच मोठी, मध्ये एकदा उलटायच्या. खरं सांगायचं तर लंब्याच्या रिंगांसारख्या त्या लागत नाहीत. त्याच्या फुगायच्या, या फुगत नाहीत. बदामाची चव येते. पण चांगल्या लागतात. बाबा मागून घेतात. त्याच्यासारख्या लागल्या पाहिजेत हा नाद मी सोडला, तेव्हा कुठे थोडी स्वस्थ बसले.

आता मुद्द्याचं. परवा तू फोनवर म्हणालीस की वाढदिवसाला तू एकटीच येशील, तासभर बसशील आणि जेवायला न थांबता निघशील. मी "बरं" म्हटलं. ते बरं नव्हतं, म्हणून हे पत्र. एकटी येऊ नकोस. त्यांना घेऊन ये. कुठेही गेले तरी आपला डबा बरोबर नेत असतील, साहजिक आहे; इथे आणायची गरज नाही असं सांग. हवं तर तू आधी येऊन स्वयंपाकघर बघून जा, मला राग येणार नाही. बाबांची खालची कवळी सैल झालीय, ते तोंडातून काढून दाखवतील, त्याची तयारी ठेवायला सांग. मी त्यांच्याशी फार बोलेन असं नाही, तेही सांगून ठेव. त्यांना बघायची मला घाई आहे असंही खोटं लिहीत नाही. तुला बघायचं आहे. जेवताना मी मध्येच उठून आत जाईन. तेव्हा माझ्या मागे येऊ नकोस, त्यांच्यापाशी बस. मी येईन परत.

तुझीच,
आई