बिनभोकांचे नाल

आई,

तुझ्या मुनीरचा सलाम. मी बरा आहे, पोटभर जेवतो. धाकट्या हलिमाचा खोकला थांबला का?

अब्बा गेल्याचं तुझं पत्र मिळालं. मला रडू आलं नाही. अजून येत नाही.

इथे अबुधाबीच्या कॅम्पात अमेरिकन साहेब जुने नाल जमवतो. घोडा एकही नाही! वाळूत खुंटा रोवून त्यावर नाल फेकायचा खेळ आहे. ते पुसायचं काम माझं. पूर्वी घोड्याचेच फेकायचे, म्हणे. मग खेळासाठी मोठे, जड घडवायला लागले. पुढे टोकं आत वळवली, खुंट्याला अडकावीत म्हणून.

नवा नाल बघून मी बोलून गेलो, "साहेब, याला भोकं नाहीत. खिळे कुठे मारणार?" सगळे हसले. आमचे खानसामा बदरुद्दीनचाचा म्हणाले, "अरे, नालबंदाचा पोरगा ना तू!"

सगळ्यात जुन्या नालाला भोकं आहेत. एकात मोडका खिळा अडकलाय. साहेब म्हणाला, काढून टाक. मी अजून काढला नाही.

अब्बांची हत्यारं मामूंना देऊ का, विचारलंस. नको देऊ. तिकडे खारी हवा आहे, गंजतील; तेवढं तेल लावून ठेव.

हलिमाला दुवा.

तुझा मुनीर