शेंदराखालचे आजोबा

अण्णा, तुम्ही लावलेला शेंदूर पडला. शेताच्या वरच्या कोपऱ्यातल्या राखणदाराचा. इतकी वर्षं थरावर थर चढवलेत, ते कवच यंदा ओलीने सुटलं आणि वरचा अर्धा भाग गळून खाली आला. आतून दगड निघाला आणि दगडावर कोरलेला क्रूस. दादाने मला खोपोलीहून बोलावून घेतलं, ते गप्प बस हे सांगायला. मी बसणार नाही, तुम्हाला आधीच सांगून ठेवते. जिवंतपणी माझं एकही वाक्य तुम्ही पुरतं ऐकून घेतलं नाहीत. आता ऐकावंच लागेल.

तुमचा तो दिवस मला अजून दिसतो. भातकापणीच्या आधी राखणदाराला द्यायची राखण. तुम्ही कारखान्यातून रजा टाकता, खोपोलीच्या बाजारातून शेंदराची पुडी आणता आणि न विसरता माझ्यासाठी खारी. चुलीपाशी बसून पितळी वाटीत शेंदूर तेलात कालवता, आईलासुद्धा वाटीला हात लावू देत नाही. मग नारळ घेता, दादाला बरोबर घेता आणि मी उंबऱ्यातच. एकदा मी हळूच मागून आले होते. बांधावरून तुम्ही असे ओरडलात की शेतातले बगळे उडाले. "मागं फिर! बाईमाणसानं हितं यायचं नाय. लय कडक हाय त्यो." त्याच आठवड्यात मला ताप भरला. राखणदार कोपला म्हणून मी रडत होते आणि तुम्ही उशाशी बसून कपाळावर पट्ट्या बदलत होतात. पण तसं काही नाही गं, एवढं मात्र तुमच्या तोंडून निघालं नाही. ते ओरडणं मी केव्हाच विसरले. हे गप्प बसणं विसरले नाही.

दगड पाहिला आणि मी तडक कळंबला गेले, आत्याकडे. तुमची धाकटी बहीण आता फारशी चालत नाही, जीभ मात्र शाबूत आहे. भिजवलेले वाल सोलत बसली होती. मी क्रूस म्हटलं तरी तिचा हात थांबला नाही. "त्यो राखणदार नाय गं," ती म्हणाली, "आजा हाय आमचा. तुझ्या अण्णाच्या बापाचा बाप. पाद्री व्हता त्यो." मग वाल सोलता सोलता तिने सगळं सांगितलं. शिकायला म्हणून तो मिशनच्या शाळेत गेला, तिकडचाच झाला आणि पाद्री होऊन पुन्हा घाटाखाली आला. वाड्यावाड्यांतून पायी हिंडायचा, झाडाखाली पोरं जमवून अक्षरं गिरवून घ्यायचा, टाळ वाजवत येशूची भजनं म्हणायचा. तापाची साथ आली तेव्हा आजाऱ्यांच्या उशाशी बसला आणि त्यातच गेला. गावाने त्याला पुरायला जागा नाकारली. तेव्हा त्याच्या भावाने शेताचा कोपरा दिला, खड्डाही स्वतःच खणला. त्याच्या चर्चमधल्या मंडळींनी कोरून आणलेला दगड कोणी उपटून टाकू नये म्हणून त्यावर शेंदूर फासला. विधवेला आणि लहानग्याला घरात घेतलं, पण एका अटीवर. त्याचं नाव या घरात पुन्हा कोणी घ्यायचं नाही.

"आमच्या आजीनं व्हय म्हनून मान हालवली. कडंवर पोर, बाई काय बोलनार?" आत्या म्हणाली. "पर हट्टी व्हती हां. अण्णाच्या बारशाला कुनाला इचारलं नाय. नाव मीच ठेवनार म्हनली नि ठेवलं. मंग दिसभर त्याला हाका मारायची. काम काय नाय, नुसती हाक. पार नदीपातुर ऐकाया जायची."

"अण्णांना हे ठाऊक होतं?"

"बापानं समदं सांगूनच त्याच्या हातात वाटी दिली गं."

म्हणजे ठाऊक होतं. ठाऊक असून तुम्ही सख्ख्या आजोबाला राखणदार करून ठेवलंत. मी ठाकुरवाडीच्या बाजूच्या वाड्यांत जाऊन आले. लाकडाची मोळी घेऊन उतरणाऱ्या एका बाईला विचारलं, पूर्वी इथे कोणी पाद्री यायचा का? तिने मोळी न उतरवता हनुवटीनेच दाखवलं. "त्यो काय, पाद्र्याचा आंबा." झाड कधीच गेलंय, नुसती मोकळी जागा आहे, पोरं क्रिकेट खेळतात. पण त्या वाडीने त्याला कधी लपवला नाही. लपवला तो आपण, ज्यांच्या अंगात त्याचं रक्त आहे. मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त संताप आला.

घरी आले तर दादाने नवी पुडी आणून ठेवलेली. "पोरीचं लगीन जमतंय, तायडे. पावन्यांनी दगड बगितला तं काय सांगू? आजच शेंदूर चढवतो. तुला पटत नसंल तं या घरात पाऊल टाकू नको." नीट ऐकताय ना? तुमच्या आजीपुढे ठेवलेली तीच अट. छप्पर पाहिजे असेल तर तोंड मिटायचं. तिच्या कडेवर पोर होतं, अण्णा. माझ्या नाही. माझा पगार माझा, खोपोलीतलं घर माझं. मला धर्म बदलायचा नाही, कुणाचं लग्नही मोडायचं नाही. मला फक्त पणजोबांना पणजोबा म्हणायचं आहे, आणि तेही चारचौघांत. मी पुडी उचलली आणि त्याच्या देखत ओढ्यात रिकामी केली. "अण्णाचं तरी नाव राख गं!" तो मागून ओरडला. माहेर तुटलं असेल तर तुटू दे.

मग काथ्या आणि गोडं तेल घेऊन दगडापाशी बसले. खालच्या अर्ध्या भागावर शेंदूर अजून घट्ट होता, तो उतरवायला दुपार गेली. तुमच्या शेंदराने एक काम मात्र चोख केलं होतं. आतल्या अक्षरांना ना ऊन लागलं ना पाऊस. काल कोरल्यासारखी निघाली. मी ओळ मोठ्याने वाचायला घेतली आणि त्याचं नाव पुन्हा एकदा वाचलं. ते तुमचं नाव आहे, अण्णा.

दिवसभर नुसती हाक मारायची म्हणे तुमची आजी. सगळ्यांच्या देखत तिने ती अट मोडली आणि कुणाला तिला अडवता आलं नाही. ती जेव्हा जेव्हा ते नाव घ्यायची, तेव्हा ओ तुम्ही द्यायचात. ती कुणाला हाक मारतेय हे पुढे ठाऊक झाल्यावरही देत राहिलात का, हे आता कुणाला विचारू?

माझा राग उतरलेला नाही. दगड उघडाच राहील, दादाने कितीही पुड्या आणल्या तरी. हे पत्र तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणून एक गोष्ट सांगून टाकते. जन्मात मी तुमचं नाव घेऊन तुम्हाला कधी हाक मारली नव्हती. त्या दिवशी दगडापाशी उभी राहून मारली, नदीपर्यंत जाईल अशी. आणि मग ओ येते का म्हणून तिथेच उभी राहिले.