एका पाकिटाचा जामीन

कारागृह, पुणे
५ नोव्हेंबर २००१

ति. अक्कास तात्याचा शि. सा. न. वि. वि.

दवाखान्यातल्या टाकाऊ औषधांच्या टोपलीतून गोळ्यांचे पाकीट उचलले आणि कंपाउंडरने मनगट धरले. मूठ उघडायला लावली. पाकिटावर नाव माझेच, तरी चोर मीच ठरलो.

फिटच्या जुन्या गोळीने गुंगी येते म्हणून डॉक्टरीणबाईंनी मला दुसरी लावली. जुनीच्या दोन अखंड स्ट्रिप त्या पाकिटात उरल्या. माझ्या शेजारी झोपणाऱ्या उत्तरेश्वरला हीच गोळी लागते, आणि इथली संपली आहे. दुसरी त्याला सोसत नाही, अंगभर पुरळ येते. परवा फिट येऊन पडला, कपाळाला टाके पडले. पण एका कैद्याचे औषध दुसऱ्याला द्यायचे नाही, असा नियम. मी सुटलो तर पाकीट माझ्या हातात, नाहीतर शनिवारी भट्टीत. बाहेरून आणून दिलेले मात्र चालते. स्ट्रिपवर नाव-तारीख हवी आणि डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी हवी. चिठ्ठी त्या देतील.

भाऊजीही हीच गोळी घ्यायचे; ते गेल्यावर उरलेल्या तुझ्या डब्यात असतीलच. तू काही टाकत नाहीस. एक मलाच टाकलेस.

हे पत्र आधी सर्जेराव जमादार वाचतील. त्यांनाही नमस्कार.

लोभ जामिनापुरता नसला तरी गोळ्यांपुरता असावा.

तुझा,
तात्या


नारायण पेठ
७ नोव्हेंबर

चि. तात्यास आशीर्वाद. 'अनेक' तूर्त राखून ठेवले आहेत.

यांच्या गोळ्या घेऊन काल फाटकावर आले होते. घेतल्या नाहीत. हे दुकानातून सहा-सहाच आणायचे. महिन्याच्या आणल्या आणि मधेच गेलो तर वाया जातील, म्हणायचे. दुकानदार कात्रीने कापून द्यायचा. त्यामुळे एकाही तुकड्यावर ना धड नाव, ना तारीख. शिपायाने विचारले, आजी, या कोणत्या सालच्या? मी म्हटले, तुमच्या नोकरीपेक्षा नव्या आहेत. त्याचे बरोबर होते. पण हे त्याला कशाला सांगू?

मग पेठेतली दुकाने पालथी घातली. कंपनीकडूनच माल नाही. एकाने 'नाही' म्हणताना मान वर केली, एवढेच सौजन्य.

वाघोलीचा एकच प्लॉट तू दोन इंजिनिअरांना विकलास, तेव्हा तुला जामीन राहणार नाही अशी मी शपथ घेतली होती. एक वस्तू दोघांना देणे हा तुझा धंदाच. पहिल्यांदा त्यात कुणाचे भले होते आहे, तर सरकार आडवे. म्हणून उद्या कोर्टात जामीन राहते. तुझ्यासाठी नव्हे. पाकीट बाहेर यावे म्हणून. सोबत तू येशील, त्याला इलाज नाही.

सर्जेराव जमादारांस: अक्षर लागत नसेल तर कळवावे. सुटकेचा कागद शुक्रवारी येईल. पाकीट याच्या हातात द्यावे, टोपलीत नव्हे.

कृपा असू द्यावी, दोघांवर नको, तिसऱ्यावर.

अक्का


कारागृह, पुणे
९ नोव्हेंबर

ति. तात्यांना उत्तरेश्वरचा सा. न.

तुम्ही आज फाटकाबाहेर पडलात आणि तिथेच वळून पाकीट माझ्या नावाने आत दिलेत, हे बराकीत सगळ्यांना पाठ झाले आहे. शिपायाने विचारले, आपण कोण? तुम्ही म्हणालात, भेटायला आलोय. पाच मिनिटांपूर्वी याच शिपायाने तुमचा अंगठा घेतला होता. त्याने चिठ्ठी पाहिली, तारीख वाचली आणि पाकीट ठेवून घेतले. स्ट्रिप कापायची नाही, असे अक्कांनी त्याला दोनदा बजावले म्हणे. सर्जेराव हसत होते. अक्षर लागते, असा निरोप त्यांनी अक्कांना दिला आहे.

तुमची जागा रिकामी आहे. दुसऱ्या कुणाला देऊ दिलेली नाही. इथे एक जागा एकालाच असते. आता त्या दोघा इंजिनिअरांचे काय ते बघा.

माया ठेवा, पण भेटायला बाहेरूनच या.

तुमचा,
उत्तरेश्वर

ता. क. पत्र काल टाकायचे राहिले. आज सकाळी कंपाउंडरने माझे नाव पुकारले. मूठ उघडायला सांगितली. तिच्यात गोळी ठेवली. मी ती पाण्याबरोबर घेतली.